शेपटी न दाखवणारा हंपबॅक देवमासा कसा ओळखतात?

रावपुरेकर, वडोदरा

महीच्या काठाशी १९४४ साली वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा कमाटीबागेच्या संग्रहालयात आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. माझा प्रश्न मात्र जिवंत हंपबॅक देवमाशांविषयी आहे. शेपटीच्या खालच्या बाजूच्या काळ्या-पांढऱ्या नक्षीवरून त्यांतील प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो, असे वाचनात येते. परंतु जो शेपटी वर काढतच नाही, त्याचे काय करतात? शिवाय एखाद्याचा रंग किंवा बांधा मुळातच विलक्षण असेल, तर नक्षी तपासण्याची गरज उरते का? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी

नमस्कार. आपला दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरी गफलत तिथेच होते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९१ साली प्रथम दिसलेला मिगालू हा पूर्ण पांढरा हंपबॅक इतका प्रसिद्ध झाला, की त्या किनाऱ्यावर पांढरे काही दिसले की लोक त्याचेच नाव घेतात. जुलै २०२२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातील मालाकूटा येथे पांढऱ्या हंपबॅकचे शव किनाऱ्याला लागले, तेव्हाही तसेच झाले. प्रत्यक्षात ते शव मादीचे निघाले, आणि मिगालू नर असल्याचे डीएनए तपासणीवरून आधीच ठाऊक होते. विलक्षणपणामुळे नजर चटकन जाते, पण तेवढ्यावर ओळख पटली असे म्हणता येत नाही.

याउलट शेपटीत पाहण्यासारखे पुष्कळ असते. जवळजवळ पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत शेपट्यांचे पाच गट पाडतात, म्हणजे नवे छायाचित्र सगळ्या संग्रहाशी ताडून पाहावे लागत नाही. त्यानंतर मागच्या कडेचे दाते, किलर व्हेलच्या दातांचे समांतर ओरखडे, बार्नेकल (अंगाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) गळून पडल्यावर राहिलेले गोल वण, असे सगळे एकत्र पाहिले जाते. पिल्लांची नक्षी मात्र पहिल्या एक-दोन वर्षांत पुष्कळ बदलू शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत घाई करत नाहीत.

दांडियाबाजार

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडे सांगतो. हंपबॅक सहसा खोल बुडी मारतानाच शेपटी उंच उचलतो. इतर वेळी पाठीवरच्या पराचा आकार आणि त्यावरचे वण दोन्ही बाजूंनी टिपून ठेवतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील मेनच्या आखातातील ‘सॉल्ट’ (म्हणजे मीठ) या मादीला १९७० च्या दशकात नाव मिळाले ते पाठीवरच्या परावरील पांढऱ्या वणांमुळे, जणू वर मीठ भुरभुरले आहे. पुढे अनेक वर्षे ती पिल्लांसह दिसत राहिली, त्यामुळे तिच्या कुटुंबाच्या कितीतरी नोंदी आज हाताशी आहेत.

दुखापतीचे व्यंग मात्र आयुष्यात मध्येच येते, हे विसरू नये. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून २०२२ साली हवाईपर्यंत पोहोचलेल्या ‘मून’ या मादीचा कणा मोडून वाकडा झाला होता आणि ती केवळ पुढच्या परांच्या जोरावर पोहत होती. तिची जुनी छायाचित्रे सरळ पाठीची आहेत. केवळ वाकडेपणा शोधणाऱ्याला ती दुसरीच कुणी वाटली असती.

मांडवीकर

आपल्या अरबी समुद्राचा उल्लेख राहिला. येथील हंपबॅक इतरांप्रमाणे ध्रुवाकडच्या थंड पाण्यात स्थलांतर करत नाहीत, आणि ओमानच्या किनाऱ्यावर त्यांची संख्या शंभरापेक्षाही कमी असल्याचा अंदाज आहे. त्यांतील ‘लुबान’ ही मादी शेपटीवरील लोबानच्या झाडासारख्या खुणेने ओळखली जाते. २०१७ साली तिला उपग्रह-यंत्र लावले, तेव्हा ती समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली. म्हणून गुजरातच्या मच्छिमार बंधूंपैकी कुणाला हंपबॅक दिसलाच, तर होडी लांब ठेवून, तो बुडी घेत असताना मागच्या बाजूने शेपटीचे आणि त्याआधी पाठीवरच्या पराचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे. मोबाइलचे चालेल, तारीख आणि ठिकाण तेवढे सोबत नोंदवावे.