बीबीसी मायक्रोच्या फ्लॉप्या पीसीवर वाचता येतील का?

गावभाग, सांगली
अण्णा शाळेत गणित शिकवायचे. शाळांना संगणक देणाऱ्या सरकारी क्लास प्रकल्पात शाळेला बीबीसी मायक्रो हा संगणक मिळाला होता. त्यावर त्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम सव्वापाच इंची अकरा फ्लॉप्यांवर आहेत. २०१९ च्या महापुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं, हा डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. पण ओल लागलीच. दोन फ्लॉप्यांच्या चकतीवर पांढरे ठिपके दिसतात. १.२ एमबीचा ड्राइव्ह असलेला जुना पीसी मिळवला, त्यात एक स्वच्छ फ्लॉपी घातली तर ‘जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह ए’. डेटा गेला का? अण्णा आता नाहीत, त्यांना विचारता येत नाही.

माहुलीकर
एवढ्यावरून डेटा गेला असं म्हणता येत नाही. फक्त फॉरमॅटला हात लावू नका. बीबीसीच्या डीएफएसमध्ये, म्हणजे फ्लॉपीवर फाइली ठेवायच्या त्याच्या पद्धतीत, एका ट्रॅकवर (चकतीवरच्या एका गोल पट्ट्यावर) २५६ बाइटचे १० सेक्टर म्हणजे तुकडे असतात, तेही एफएम या नोंदायच्या पद्धतीचे. पीसीच्या डॉसच्या ३६० केबी फ्लॉपीवर ५१२ बाइटचे ९, एमएफएम या वेगळ्या पद्धतीचे. बऱ्याच पीसींचा कंट्रोलर एफएम वाचतच नाही.

ड्राइव्ह हाच चालेल, तो ग्रीझवीझल या जुन्या फ्लॉप्या वाचायच्या बोर्डाला जोडा. तो बोर्ड सेक्टर शोधत बसत नाही. चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतो, अर्थ मागाहून लावायचा. लेबलवर ४० ट्रॅक लिहिलं असेल तर एकाआड एक ट्रॅक वाचायला सांगा. दुसरी बाजूही वाचून घ्या, डीएफएस तिला वेगळा ड्राइव्ह मानतं, ड्राइव्ह २. आणि आधी कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही.

विटेकर
ठिपकेवाल्या दोन सध्या घालूच नका, दादा. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. वेष्टनाची एक कड कापून चकती बाहेर काढा. मधल्या भोकाशी धरायची, चकतीला बोट लागू द्यायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि धागे न सुटणारं मऊ कापड. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग दुसऱ्या स्वच्छ वेष्टनात घाला. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

गावभाग, सांगली
माहुलीकर, विटेकर, मनापासून आभार. नऊच्या नऊ वाचल्या! धुतलेल्या दोन अजून वाळताहेत.

एका प्रोग्रॅममध्ये ‘व्हीडीयू २३’च्या, म्हणजे स्वतःचं अक्षर घडवायच्या आज्ञेच्या, ओळीच ओळी आहेत. पुढे अक्षराचा क्रमांक, मग आठ संख्या. त्यातली पहिली जवळजवळ प्रत्येक ओळीत २५५. ते बघितलं आणि एकदम अण्णांची चौकटींची वही आठवली. आठ बाय आठ घरं आखून त्यात ते पेन्सिलीने अक्षरं भरायचे. ओळीतल्या घरांच्या किमती १, २, ४ अशा दुप्पट होत १२८ पर्यंत, म्हणून वरची आठही घरं भरली की बेरीज २५५. ती शिरोरेषा!

एम्युलेटरवर, म्हणजे पीसीवर बीबीसी मायक्रोची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालवला तर मोड ७ मध्ये काहीच उमटेना, त्या पडद्यावर ठरावीक अक्षरंच दिसतात. मोड ४ केला. आधी शिरोरेषा आली, सलग, तिन्ही अक्षरांवरून. खाली ‘हळद’. क्विंटलच्या भावाचं तोंडी गणित होतं, पाचवीच्या मुलांसाठी.