मदत हवी आहे: डेन्व्हरहून 6,500 पौंडांचा कॅम्पर ओढायला कोणतं इंजिन घ्यावं?

प्रश्न
वापरलेला हाफ-टन (मोठ्या पिकअपमधला सर्वांत हलका वर्ग) 4x4 पिकअप (2021 ते 2023) घ्यायचा आहे. कॅम्पर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) 24 फुटी, रिकामा 4,800 पौंड, भरून कमाल 6,500. वर्षातून आठ-दहा वेळा आय-70 महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहावर बोगद्यापलीकडे जाणं. एरवी ऑफिस, शहरातूनच, एका बाजूला 9 मैल. वर्षाचे साधारण 12,000 मैल. घरात चौघं. डोक्यात आहेत फोर्ड एफ-150 ची 2.7 आणि 3.5 लिटरची इकोबूस्ट (टर्बो असलेली पेट्रोल इंजिनं), टर्बो नसलेलं 5.0 व्ही8 आणि शेव्हरोले सिल्व्हराडोचं 3.0 ड्युरामॅक्स डिझेल. ओढायची ताकदही हवी आणि मायलेजही. काय घ्यावं?

प्रतिसाद 1
इंजिनाआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल (म्हणजे पेलोड) ते त्यावर असतं. ट्रेलरच्या वजनाचे 10 ते 15 टक्के हिचवर, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर येतात, आणि तेही यातच मोजायचे. 13 टक्के धरले तर 845 पौंड. वेट डिस्ट्रिब्युशन हिच (हा भार पुढच्या चाकांकडेही वाटून देणारी जोडणी) 90, चौघं मिळून 550. झाले 1,485. स्टिकरवर 1,500 असेल तर कूलर ठेवायलाही जागा नाही. जाहिरातीतला 13,000 पौंड टोइंगचा आकडा इथे कामाचा नाही. मोठं काचेचं छप्पर असलेली महागडी मॉडेल्स इथेच मार खातात. मागचा अ‍ॅक्सल जास्त दबला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते. पण म्हणून हिचवरचं वजन कमी करायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवलंत, तर ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो.

प्रतिसाद 2
तुमच्या रस्त्यावर उंची निर्णायक आहे. बोगदा 11,000 फुटांच्या वर. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के ताकद गमावतं, म्हणजे 5.0 चे 400 हॉर्सपॉवर तिथे 270 च्या आसपास. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. त्यामुळे 5.0 यादीतून काढा.

डिझेल हायवेवर मायलेजला सगळ्यांत सरस, आणि एक्झॉस्ट ब्रेकमुळे (धूर अडवून इंजिनानेच वेग आवरणारी सोय) उतारावर फार आधार. पण रोजच्या 9 मैलांत एक्झॉस्ट पुरेसं तापत नाही, धुरातली काजळी अडवणाऱ्या पार्टिक्युलेट फिल्टरमधली काजळी पूर्ण जळत नाही आणि तो तुंबत जातो. शिवाय 2022 पर्यंतच्या या इंजिनात ऑइल पंपाचा पट्टा 1,50,000 मैलांना बदलायचा असतो. तो इंजिनाच्या मागच्या बाजूला, म्हणजे आधी गिअरबॉक्स उतरवा. तुमच्या वापराला डिझेल नको.

राहिली 2.7 आणि 3.5. ईपीएची (अमेरिकी सरकारी पर्यावरण संस्था) सरासरी 4x4 मध्ये गॅलनला 21 आणि 20 मैल. 12,000 मैलांना फरक 29 गॅलनचा. एवढ्यासाठी 3.5 चा 500 पौंड-फूट टॉर्क (ओढायचा जोर) सोडून 2.7 च्या 400 वर येऊ नका. कॅम्पर मागे असला की दोन्ही गॅलनला 9-10 मैलांवरच येतात, कारण तिथे पेट्रोल खातो तो कॅम्परच्या त्या उभ्या भिंतीवर आदळणारा वारा. ताशी 70 मैलांऐवजी 62 ने चालवणं इंजिन बदलण्यापेक्षा जास्त वाचवतं.

प्रश्नकर्ता
आभार! 3.5 चं हायब्रिड कसं?

प्रतिसाद 2
शहरातल्या 9 मैलांना तेच सर्वांत योग्य. 23-24 चं मायलेज शहरातही मिळतं, म्हणजे साध्या 3.5 पेक्षा वर्षाला 80 ते 100 गॅलन कमी. टॉर्क 570. बॅटरी मात्र 1.5 किलोवॅट-तासाची, लांब चढावर ती लवकर रिकामी होते आणि पुढे एकटं 3.5 ओढतं. तेवढं ते ओढू शकतं. खरी अडचण बॅटरीच्या वजनाची, तिच्यामुळे पेलोड घटतो. स्टिकरवर 1,700 च्या वर दिसलं तर हायब्रिड घ्या, नाहीतर कमी सजावटीचा, जास्त पेलोडचा साधा 3.5.

प्रतिसाद 3
थोडी भर. कारखान्यातून आलेलं टो पॅकेज (ओढण्यासाठीची जोडसामग्री) आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर असलेलाच घ्या. रात्रभर थंड पडलेलं इंजिन स्वतः सुरू करून ऐका; पहिल्या काही सेकंदांत खडखडाट आला तर कॅम फेझर (व्हॉल्व्हच्या उघडझापीची वेळ बदलणारा भाग) बिघडलेला. ही तक्रार मुख्यतः 2017-2020 च्या 3.5 ची, तरी ऐकाच.

कोलोरॅडोत पंपावर ‘रेग्युलर’ म्हणजे 85 ऑक्टेन. ते या टर्बोत अजिबात नको. एरवी किमान 87, ओढताना 91. हलकं पेट्रोल घातलं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला गाडीचा संगणक ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि भर घाटात ताकद आणि मायलेज दोन्ही जातं.

परतीच्या उतारावर टो/हॉल मोड (गिअर खालचा ठेवून इंजिनाने वेग आवरणारी सेटिंग) माथ्यावरच लावा. ब्रेक सतत दाबून धरू नका; जोरात दाबून वेग 10 मैलांनी उतरवा, सोडा, त्यांना निवू द्या.

प्रश्नकर्ता
शनिवारी दोन गाड्या बघतोय. स्टिकरचे फोटो इथे टाकतो.