सेरेंगेटीत तंबूत झोपणारे आईबाप बेजबाबदार? मला बोलायचंय

रानफूल: काल सह्यप्रिया यांनी लिहिलं की टांझानियातल्या सेरेंगेटी नॅशनल पार्कात बिनकुंपणाच्या कॅम्पसाइटवर पोरांना घेऊन झोपणारे आईबाप बेजबाबदार, सरळ लॉज घ्यावं. वाचून डोकंच सटकलं, कारण गेल्या वर्षी आम्ही अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन तिथल्याच सेरोनेराला दोन रात्री आणि शेजारच्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखी विवराच्या काठावर सिंबा कॅम्पसाइटला एक रात्र काढलीय. अहो, कितीतरी लॉजनाही कुंपण नसतं, म्हणून तर अंधार पडला की खोलीपर्यंत सोडायला अस्कारी, म्हणजे पहारेकरी येतो. तंबूचे नियम मोजके, चेन पूर्ण बंद, आत खाऊ नाही, बाहेर पडायच्या आधी टॉर्च गोल फिरवायचा आणि डोळे चमकले की गप आत बसायचं. सिंबा २,३०० मीटरच्या आसपास, थंडी मरणाची. मध्यरात्री कापडाला लागूनच गवत उपटल्याचा कर्र कर्र आवाज आणि मग एक जड श्वास. बफेलो! लेकीने माझं मनगट घट्ट धरलं पण हूं की चूं केलं नाही. सकाळी खुंटीच्या शेजारी शेणाचा पो, वाफ निघत होती अजून. ती रात्र ती जन्मात विसरणार नाही.

सह्यप्रिया: बफेलो निघून गेला म्हणून लिहिताय. लेक झोपेत किंचाळली असती तर? आणि माझ्या आईला रात्री तीनदा उठावं लागतं, गुडघे गेलेत, टॉयलेट पन्नास पावलांवर. तिने टॉर्च फिरवत बसायचं का?

मोहर्लीकर: निदान तिथे झोपू तरी देतात. आमच्या ताडोबात जिप्सीतून पाय खाली ठेवायची सोय नाही, आणि एका वाघामागे गाड्यांची रांग. माझं बालपण या जंगलाच्या कडेला गेलंय, रात्रीचं जंगल ऐकायला मला टांझानियाला जावं लागावं हे दुखतं.

नाशिकची काकू: खाऊ नाही म्हणजे डिंकाचा लाडूसुद्धा नाही? मला शुगर आहे, रात्री काहीतरी जवळ लागतंच.

अरुषावासी: काकू, लाडूसुद्धा नाही. पंधरा वर्षं इथे टांझानियात, अरुषाला राहतोय, आपल्या ग्रुपांचं एकच दुखणं, खाणं. महाराज बरोबर, रात्री दहाला फोडण्या, आणि तंबूत चिवडा, चकली, ठेपले. जेवणघराला जाळी उगाच नाही ठोकलेली. तरस वासावर येतं, बबून तर दिवसाढवळ्या चेन फाडतो. मागे एका ग्रुपने लोणच्याची बरणी तंबूत ठेवली, संध्याकाळी परत आलो तर कापडाला हातभर भगदाड आणि उशीवर तेल!

पुणेरी भटका: म्हणजे आता आपल्या जेवणालाच नावं? गोरे लोक शेगडीवर मांस भाजतात त्याचा वास येत नाही का तरसाला? दर वेळी आपल्याच माणसांना शहाणपण शिकवायचं.

अरुषावासी: येतो ना. पण ते भाजतात बाहेर आणि उरलेलं जाळीत ठेवतात. मी जेवणाला नावं ठेवत नाही, मी स्वतः रोज वरणभात खातो. डबा कुठे ठेवता ते बोलतोय, जरा नीट वाचा.

पुणेरी भटका: आवाज चढवू नका. आम्ही महाराज नेला कारण ग्रुपमधल्या सहा जणांना कांदा-लसूण चालत नव्हता, वयस्कर माणसं उपाशी झोपवायची का? मात्र डबे तंबूत ठेवले होते हे खरं. गाइडने एकदाच सांगितलं आणि आम्ही कानाआड केलं, तेवढी चूक मान्य.

सह्यप्रिया: बघा, मी हेच म्हणतेय. नियम सोपे असतील हो, पाळणारी माणसं कुठायत?

रानफूल: मग दोष ग्रुपला द्या ना, तंबूला कशाला? १९५९ साली सेरेंगेटीतून हलवलेले मसाई गुराखी आज न्गोरोंगोरोच्या परिसरात पोराबाळांसकट, गुरांसकट राहतात, बोमा म्हणजे काट्यांचं कुंपण एवढाच आडोसा. त्यांना बेजबाबदार म्हणाल?

सह्यप्रिया: त्यांची पोरं जन्मापासून ते रान वाचतात, आपली नाही वाचत. तरी ठीक आहे, अकरा वर्षांची समंजस मुलगी असेल तर बेजबाबदार हा शब्द मागे घेते. चार वर्षांच्या पोराला आणि माझ्या आईला मात्र नाहीच.

रानफूल: चार वर्षांच्याला मीही नेणार नाही. आणि आईंचं तुमचं बरोबर आहे, त्याचा विचार मी केला नव्हता.

नाशिकची काकू: अहो पण माझ्या शुगरचं काय?

अरुषावासी: काकू, पहिल्याच दिवशी गाइडला शुगरचं सांगून ठेवा. लाडवाचा डबा घट्ट बंद करून त्याच्याकडे द्या, आणि रात्री चेन लावायच्या आधी त्याच्यासमोरच एक खाऊन घ्या. मध्येच घाम फुटला, हातपाय थरथरले तर बाहेर पडू नका, आतूनच हाक मारा. त्याचा तंबू शेजारीच असतो.