लिलावात घेतलेले गेम बॉय कार्ट्रिज अस्सल आहे का? मदत हवी आहे

नमस्कार. १९८९ साली बाजारात आलेल्या गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्राची कार्ट्रिजेस (खेळ साठवलेल्या, यंत्रात बसवायच्या डब्या) मी काही वर्षांपासून ऑनलाइन लिलावांतून जमवत आहे. नुकतेच ‘अस्सल आणि तपासलेले’ असे वर्णन असलेले एक कार्ट्रिज मी बोली लावून मिळवले; मात्र जतन केलेला खेळ यंत्र बंद करताच पुसला जातो.

त्या काळातील अनेक कार्ट्रिजेसमध्ये खेळाची प्रगती आतल्या छोट्या चपट्या बॅटरीच्या आधारावर टिकते आणि इतक्या वर्षांनी ती संपणे स्वाभाविक असल्यामुळे, मी ३.८ मिलिमीटरच्या खास पान्याने स्क्रू काढून आत पाहिले. बॅटरी नवी आहे, मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवते. पण तिच्या पट्ट्यांना कथलाचा डाग देण्याऐवजी ती चिकटपट्टीने दाबून बसवली आहे. हे एखाद्याने घाईत केलेले काम म्हणून मी मान्य केले असते, परंतु मुख्य चिपच्या पायांभोवतीही ताजे, चकचकीत कथील दिसते. शिवाय अस्सल कार्ट्रिजच्या लेबलवर बहुधा आढळणारे, दाबून उमटवलेले अंक येथे बोटाला लागत नाहीत. सर्किट बोर्डावर निन्टेन्डोचे नाव मात्र स्पष्ट आहे.

मूळ बोर्डावर दुसरी चिप बसवली असावी, अशी मला शंका आहे. ती खात्रीने कशी पडताळावी? परत करण्याची मुदत संपत आली आहे. तोपर्यंत बॅटरीला स्वतः डाग दिल्यास माझी तक्रार कमकुवत होईल का? तसेच, बोली लावण्यापूर्वी विक्रेत्याकडे नेमकी कोणती छायाचित्रे मागावीत, हे अनुभवी संग्राहकांनी कृपया सांगावे.