ताबा घेण्यापूर्वी नव्या सदनिकेत नेमके काय तपासावे?

पुनावळेकर (प्रश्न)

पुनावळे येथील एका प्रकल्पात आम्ही चौदाव्या मजल्यावर दोन बीएचके सदनिका घेतली आहे. इमारतीला पिंपरी-चिंचवड महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळाले असून ताबा घेण्यासाठी यावे, असे विकासकाचे पत्र नुकतेच आले. पत्रासोबत एक छापील ताबा पावती जोडलेली आहे आणि तिच्यात 'सदनिकेचे क्षेत्रफळ, बांधकामाचा दर्जा व सर्व सोयी मी तपासल्या असून त्यांबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही' असे वाक्य आहे. पाहणीच्या वेळी साइटवरचा एक मुलगा बरोबर येईल आणि अर्ध्या तासात सगळे दाखवील, असे त्यांच्या कार्यालयातून सांगण्यात आले.

इंटिरिअरचा ठेकेदार दसऱ्याला काम सुरू करायचे म्हणून मागे लागला आहे. वडिलांचे म्हणणे असे की, इमारत कोरी करकरीत आहे, काही निघालेच तर पाच वर्षे विकासक बांधील असतो, तेव्हा फार चिकित्सा करू नये. मला मात्र ते पटत नाही. आपण स्वतः काय पाहावे, कशासाठी जाणकार माणूस न्यावा, कार्पेट क्षेत्रफळ कसे मोजावे आणि त्या पावतीवर सही करावी की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना साइट इंजिनिअर

आपल्या वडिलांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने खरे आहे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सेवांमधला दोष विकासकाच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा असतो. अडचण पुढे येते. आपला ठेकेदार एकदा आत शिरला की ओल कोणामुळे आली, फरशी कोणी फोडली, भिंतीतल्या पाइपात ड्रिल कोणी घातले, याचा निवाडा करणे कठीण होऊन बसते. शिवाय न्हाणीघरात, स्वयंपाकघरात किंवा नळजोडणीत विकासकाच्या लेखी संमतीशिवाय फेरफार केल्यास दोषदुरुस्तीची जबाबदारी संपुष्टात येईल, अशी अट बऱ्याच करारनाम्यांत घातलेली असते. ती आपल्या करारनाम्यात आहे का, हे आधी वाचून घ्यावे.

म्हणून जे फर्निचरमागे, फॉल्स सीलिंगच्या वर आणि ओट्याखाली झाकले जाणार आहे ते आधी तपासावे, आणि जे पुढेही डोळ्यांसमोर राहणार आहे ते सवडीने पाहावे. बहुतेक लोक नेमके उलट करतात. रंगाचा फरक, दारावरचा ओरखडा, कडीचा सैल स्क्रू यांच्या लांबलचक याद्या होतात आणि विकासकालाही त्या मानवतात, कारण एक रंगारी व एक सुतार पाठवला की यादी निकालात निघते.

सुरुवात पाण्यापासून करावी. न्हाणीघराच्या दाराशी उभे राहून बादलीभर पाणी सावकाश ओतावे आणि ते कोठे जाते हे पाहत राहावे. मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार असेल तर पाणी रेंगाळत नाही. उतार चुकला असेल तर कमोडच्या मागे, दाराच्या उंबऱ्याशी किंवा ज्या कोपऱ्यात फरशीचा शेवटचा तुकडा कापून बसवला आहे तेथे पाण्याचे पातळ तळे साचून राहते. त्यानंतर नहाणी ट्रॅपची (फरशीवरचे सांडपाणी ज्यातून जाते त्या भांड्याची) जाळी उचलून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. फरशी बसवणारे कामगार थापी आणि घमेले तेथेच धुतात, त्यामुळे ट्रॅपच्या तळाशी सिमेंटचा घट्ट थर, ग्राउटचे (टाइलच्या फटी भरण्याच्या मसाल्याचे) गोळे आणि टाइलचे तुकडे सापडणे हे अगदी नित्याचे आहे. दोन बादल्या एकदम ओतल्यावर पाणी वर चढून गुडगुडत खाली जात असेल, तर ट्रॅप किंवा पुढचा पाइप अर्धा बुजलेला आहे असे समजावे. हे काम आज विकासकाच्या प्लंबरकडून करून घेता येते, राहायला गेल्यावर मात्र ते आपल्याच माथी येते.

यापेक्षा महत्त्वाची चाचणी म्हणजे पाणी साठवून ठेवण्याची. ट्रॅप कापडाच्या बोळ्याने बंद करून न्हाणीघरात दीड-दोन इंच पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करावी, ते किमान चोवीस तास तसेच ठेवावे आणि मग खालच्या मजल्यावरील न्हाणीघराचे छत पाहावे. जलरोधनाचे काम नीट झाले आहे की नाही, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या खात्रीने कळत नाही. हीच बाब आपल्या डोक्यावरही लागू आहे. हल्ली अनेक इमारतींत वरच्या सदनिकेचे सांडपाण्याचे पाइप खालच्या न्हाणीघराच्या छताला टांगलेले असतात आणि फॉल्स सीलिंगने झाकलेले असतात. त्या सीलिंगला ठेवलेली खिडकी उघडायला लावून, शिडीवर चढून, पाइपचे सांधे आणि स्लॅबमधून पाइप बाहेर येतो ती जागा हाताने चाचपून पाहावी. तेथे पांढरट क्षार किंवा पिवळा डाग दिसला तर पाणी झिरपते आहे हे नक्की. खिडकीच ठेवलेली नसेल तर ती करून मागावी.

खिडक्यांकडे भाड्याच्या घरातून आलेल्या माणसाचे सहसा लक्ष जात नाही. ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, अॅल्युमिनियमच्या रुळातील पाणी निघून जाण्याची छिद्रे सिलिकॉनने बुजलेली नाहीत ना, हे पाहावे. रुळात तांब्याभर पाणी ओतले की लगेच उत्तर मिळते. आपल्याकडे पावसाचा मारा बहुतेक नैऋत्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूच्या खिडकीखालच्या दोन्ही कोपऱ्यांवर हात फिरवून पाहावा. आतून जिप्समचा गिलावा असेल तर तो ओल पिऊन मऊ पडतो आणि नखाने दाबल्यावर ठसा उमटतो. पावसाळा सरण्याच्या आत पाहणी होत आहे, ही चांगली गोष्ट आहे.

फरशी लाकडी दांड्याने किंवा नाण्याने वाजवून पाहावी, विशेषतः कोपऱ्यांशी. एखादी टाइल पोकळ वाजली तर मास्किंग टेप लावून खूण करावी आणि फोटो काढावा. भिंतीच्या तड्यांबद्दल घाबरून जाण्याचे कारण नाही. हलक्या ब्लॉकच्या भिंतींवर केसाएवढ्या रेषा येतातच. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावरची सरळ उभी रेष बहुधा तेथे जाळी नीट न बसवल्यामुळे येते व ती दुरुस्त होते. पण बीम, कॉलम किंवा स्लॅबवर तडा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. जाणकार माणूस न्यायचाच असेल तर तो यासाठी न्यावा, रंग पाहण्यासाठी नव्हे.

ठाण्याच्या सेक्रेटरी

बांधकामाविषयी वर सविस्तर आलेच आहे, मी फक्त कागदांविषयी लिहिते. आमच्या सोसायटीत ओल, पार्किंग आणि क्षेत्रफळ यांवरून जे वाद झाले, त्या प्रत्येक वेळी विकासकाच्या वकिलाने सर्वांत आधी सही केलेली ताबा पावतीच पुढे केली. तुम्ही उद्धृत केलेले वाक्य आहे तसे मान्य करू नये. कायद्याने दिलेली पाच वर्षांची जबाबदारी अशा एका वाक्याने पुसली जात नाही हे खरे, परंतु वाद घालण्यासाठी समोरच्याला आयते हत्यार का द्यावे? पावतीवर 'सोबत जोडलेल्या यादीतील दोषांच्या दुरुस्तीच्या अधीन राहून ताबा घेतला' असे स्वतःच्या हाताने लिहावे, यादीच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, आणि त्यांनी नकार दिल्यास तीच यादी फोटोंसह त्याच दिवशी ईमेलने व नोंदणीकृत टपालाने पाठवावी.

घाई करण्याचे कारण नाही. रेराच्या कलम १९(१०) प्रमाणे भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यायचा असतो, त्यामुळे प्रमाणपत्रावरची तारीख बघा आणि तेवढ्यात दुरुस्त्या करून घ्या. मात्र सदनिका तयार असल्याची लेखी सूचना मिळाल्यावर पंधरा दिवसांनी देखभाल खर्चाचा आपला वाटा सुरू होतो, असे कलम करारनाम्यात सहसा असते. ताबा लांबवला म्हणून तो खर्च थांबेल असे धरून चालू नका.

क्षेत्रफळाचे म्हणाल, तर रेराच्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरली जाते, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही. तेव्हा खोल्यांची मापे घेऊन नुसती बेरीज केली आणि कमी भरले म्हणून भांडायला गेलात, तर तोंडघशी पडाल; मधल्या भिंती त्यात मिळवायला हव्यात. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात तीन टक्क्यांपर्यंतच्या फरकाची मुभा आहे. समजा करारात ६२ चौरस मीटर लिहिले आहे, तर १.८६ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २० चौरस फूट इतका फरक त्या मर्यादेत बसतो. परंतु मर्यादेत बसतो याचा अर्थ त्याचे पैसे सोडून द्यायचे, असा नाही. क्षेत्र कमी भरल्यास जादा घेतलेली रक्कम व्याजासह परत करण्याची तरतूद त्याच कलमात आहे, आणि ती बहुतेक जण वाचतच नाहीत.

पार्किंगची जागाही त्याच दिवशी टेपने मोजा. लांबी-रुंदी बरोबर असते, पण डोक्यावरून बीम किंवा सांडपाण्याचा पाइप गेलेला असतो, नाहीतर शेजारच्या कॉलममुळे गाडीचे दार अर्धेच उघडते. अशा तक्रारी वाढल्यानंतर महारेराने (रेराखालील राज्याच्या प्राधिकरणाने) २०२४ साली पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची हा सर्व तपशील करारनाम्यासोबत देणे बंधनकारक केले. तुमचा करार त्याआधीचा असेल तर मंजूर नकाशाची प्रत मागून पडताळा घ्या.

वायरिंगवाला

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. सॉकेट तपासण्याचा छोटा टेस्टर इलेक्ट्रिकलच्या कोणत्याही दुकानात मिळतो, तो प्रत्येक सॉकेटमध्ये लावून पाहावा. समोरून पाहताना वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल, असे असायला हवे. घाईत केलेल्या कामात फेज-न्यूट्रल उलटसुलट झालेले आणि अर्थिंगची तार नुसती खोचून ठेवलेली आढळते. वितरण पेटीतील आरसीसीबीवरचे (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरचे) 'टेस्ट' लिहिलेले बटण दाबल्यावर पुरवठा तत्क्षणी तुटला पाहिजे. तुटला नाही तर ती बदलून घेतल्याशिवाय गीझर वापरू नये. एसीच्या प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास आपोआप पडणारा स्विच) आहे का, हे एकेक एमसीबी खाली पाडून पाहावे आणि कोणती कशाची आहे ते त्याच वेळी पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावे.

इंटरनेट आणि टीव्हीसाठी टाकलेल्या रिकाम्या पाइपांतून स्प्रिंग घालून पाहायला सांगा. गिलावा करताना त्यांत माल जाऊन ते बुजलेले असतात आणि हे कळते तेव्हा भिंतीवर वॉलपेपर लागलेला असतो. आणखी एक गोष्ट म्हणजे पाहणीच्या दिवशी महावितरणचा आपल्या नावाचा मीटर बसलेला असावा. साइटच्या तात्पुरत्या जोडणीवर दोन दिवे पेटले, यावरून काहीही सिद्ध होत नाही.

पुनावळेकर

सर्वांचे मनापासून आभार. पाहणी करून आलो. बेडरूमच्या न्हाणीघराचा उतार चांगला आहे, परंतु बाहेरच्या न्हाणीघरात कमोडमागे पाणी साचते. नैऋत्येकडच्या खिडकीखाली उजव्या कोपऱ्यात वीतभर तपकिरी डाग आहे, आणि त्याच कोपऱ्यातून भिंतीवर एक तिरपी बारीक रेष खाली गेली आहे. साइटवरच्या साहेबांच्या मते 'पुट्टी मारून रंगाचा एक हात दिला की झाले'. पाणी साठवण्याची चाचणी त्यांनी नाकारली, कारण खालच्या सदनिकेचा ताबा दिला गेला असून तेथे इंटिरिअरचे काम चालू आहे. अशा वेळी काय करावे?

जुना साइट इंजिनिअर

खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी तिरपी रेष बहुतेक वेळा भिंतीपुरतीच असते, कारण भिंतीतील ताण तेथेच एकवटतो. परंतु त्याच जागी ओलीचा डाग असल्याने बाहेरचे पाणी त्या वाटेने आत येत असावे, असा दाट संशय घ्यायला जागा आहे. आतून पुट्टी लावल्यास डाग पुढच्या जूनपर्यंत दिसणार नाही, एवढाच त्याचा उपयोग. बाहेरून झुल्यावर (गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यात) माणूस उतरवून चौकटीभोवतीचे सीलंट आणि बाहेरचा गिलावा तपासावा, तडा कापून भरावा, नंतर बाहेरून पाइपने तासभर पाणी मारून आतली बाजू कोरडी राहते का, हे आपल्यासमोर दाखवावे, अशी लेखी मागणी करावी. इमारतीचे बाहेरचे काम अजून चालू असेल तर झुला जागेवरच असतो. तो उतरवल्यानंतर एका खिडकीसाठी पुन्हा लावायला ते टाळाटाळ करतील.

कमोडमागच्या उतारासाठी तेथील फरशी काढून पुन्हा बसवावी लागेल. नुसता ग्राउट चढवून उतार केल्याचे दाखवतील, ते मान्य करू नये. फरशी काढताना खालचे जलरोधन दुखावण्याची शक्यता असते, म्हणून त्या न्हाणीघरात दुरुस्तीनंतर पाण्याची चाचणी अटळ आहे, आणि हेच कारण त्यांना लेखी कळवावे.

खालच्या सदनिकाधारकांना आपण स्वतः जाऊन भेटावे. त्यांच्या न्हाणीघराचे फॉल्स सीलिंग अजून बंद झाले नसेल तर ही चाचणी आत्ता व्हावी, यात त्यांचा स्वार्थ आपल्यापेक्षा अधिक आहे, कारण गळती झाली तर पाणी त्यांच्या डोक्यावर पडणार आहे. हे समजल्यावर तेच आपल्याबरोबर साइट ऑफिसात येतील. दोन ग्राहक एकत्र उभे राहिले की नकार टिकत नाही, असा माझा विकासकाच्या बाजूने काम करतानाचा अनुभव आहे. ठेकेदाराला दसऱ्याला मुहूर्तच करायचा असेल, तर हॉलमधल्या कपाटापासून सुरुवात करू द्यावी, पण दोन्ही न्हाणीघरे आणि ती खिडकी असलेली भिंत चाचणी होईपर्यंत त्याच्या हाती देऊ नये.