मदत हवी आहे : गळाने मासेमारी, बंदीचा काळ आणि माशाची लांबी

आम्ही कोल्हापूरची तीन-चार पोरं हौसेखातर रॉड-रील घेऊन देवगड-मालवणकडं जातो. मासा विकत नाही, घरी रश्शापुरता ठेवतो, बाकी सोडून देतो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते आणि बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट, एवढं माहीत आहे. पण काठावरून गळ टाकणाऱ्याचं काय? मत्स्य कार्यालयात फोन केला, तर 'नौका कुठली?' असंच विचारलं. नौकाच नाही म्हटल्यावर पुढं उत्तर नाही. किनाऱ्यावर विचारलं तर कुणी 'बिनधास्त टाका' म्हणतंय, कुणी 'रॉड जप्त होईल'. (पावसाळ्यात खडकावर जाऊ नका, हा सल्ला कृपया नको, खाडीकाठावरच बसतो.)

दुसरं, २०२३ साली राज्यानं ५४ जातींना किमान लांबी ठरवली. सुरमईला ३७० मिलिमीटर, बांगड्याला १४०. नियम चांगलाच आहे, पिल्लं मारून कुणाचं भलं झालंय? पण सुरमईची शेपूट खोल दुभंगलेली, त्यामुळं मोजायचं कुठून कुठं यावर बराच फरक पडतोय.

तर ज्यांनी आदेश स्वतः वाचलाय त्यांनी सांगा : लांबी शेपटीच्या टोकापर्यंत धरायची की मधल्या खाचेपर्यंत? आणि जून-जुलैत खाडीकाठावरून एका गळानं मासा धरला तर तो बंदीत बसतो का?