मदत हवी आहे: निकोडेमस गाव (कॅन्सस) 1888 नंतर कोणी सोडलं, हे कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी,
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी निकोडेमसवर लिहायला घेतलंय. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या ग्रॅहम काउंटीतलं एवढंसं गाव, 1877 साली केंटकीहून आलेल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांनी वसवलेलं.

सुरुवातीची माहिती भरपूर आहे. डब्ल्यू. आर. हिल हा गोरा जमीन-दलाल आणि कृष्णवर्णीय रेव्हरंड डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी गाव वसवण्यासाठी टाउन कंपनी काढून केंटकीत जाहिरात केली. लोक एलिस स्टेशनपर्यंत रेल्वेने आले, पुढे पायी. 1878 मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे: गाव कुठे आहे विचारलं, तर नवऱ्याने जमिनीतून निघणारा धूर दाखवला. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. विलियानांना रडूच फुटलं. (जाहिरात लिहिणाऱ्यांना कोणी जाब विचारला असेल का?)

अडलंय ते पुढे. 1887 मध्ये मिसूरी पॅसिफिक रेल्वे यावी म्हणून टाउनशिपने (तिथल्या स्थानिक शासनाने) 16,000 डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. रेल्वे आलीच नाही. 1888 मध्ये युनियन पॅसिफिकचे रूळ सॉलोमन नदीपलीकडून गेले, तिथे बोग गाव उभं राहिलं आणि दुकानं तिकडे हलली. कोण गेलं, कोण टिकलं? 1880 आणि 1900 ची जनगणना मिळाली. 1890 ची कुठे मिळेल?

प्रतिसाद १
1890 चा नाद सोडा. 1921 मध्ये वॉशिंग्टनला ती ठेवलेल्या इमारतीला आग लागली, त्यात तिचा मोठा भाग जळाला-भिजला आणि उरलेली पुढे सरकारनेच नष्ट केली; आता जवळजवळ काहीच शिल्लक नाही. पण कॅन्सस राज्य स्वतःची वेगळी जनगणना करायचं. 1885 आणि 1895 च्या याद्या समोरासमोर ठेवा, म्हणजे रेल्वेच्या आधीचं आणि नंतरचं गाव दिसेल. कॅन्ससला कुठून आलात, हाही रकाना त्यांत आहे, तेव्हा केंटकीवाले वेगळे काढता येतील. याद्या टोपेकाच्या राज्य इतिहास संस्थेकडे आहेत. आडनावं मात्र उच्चारावरून शोधा; गणना करणारा ऐकेल तसं लिहायचा.

प्रतिसाद २
दुकानदार हलले म्हणजे गाव हललं असं समजू नका. शेतकऱ्याचा जीव जमिनीत अडकलेला. होमस्टेड कायद्याने वस्ती करून कसणाऱ्याला 160 एकर सरकारी जमीन मिळायची, पण 5 वर्षं वहिवाट दाखवावी लागे, शेजाऱ्यांच्या साक्षीसकट. त्या साक्षी राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फाइलींत असतात. भूमी खात्याच्या संकेतस्थळावर फक्त ज्यांना पट्टा (मालकीहक्काचा कागद) मिळाला त्यांचीच नावं आहेत. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांच्या रद्द फाइली वेगळ्या मागवाव्या लागतात, आणि तुमचा प्रश्न त्यांच्याबद्दलच आहे ना?

धागाकर्ता
हो, त्यांच्याबद्दलच. रद्द फाइल मागवताना नावाबरोबर जमिनीचं वर्णनही द्यावं लागतं का?

प्रतिसाद २
जमिनीचं वर्णन आणि भूमी कार्यालयाचं नाव दिलंत तर सोपं जातं. आणि निकोडेमसला जुलैअखेर होणाऱ्या होमकमिंग मेळाव्याला जाऊन या. बाहेरगावी गेलेल्यांचे वंशज तेव्हा परततात. कोण कुठे गेलं हे त्यांना तोंडपाठ असेल.